बेटावर केव्हा जायचं

जबलपुरात मे महिना काढणाऱ्या माणसानं मॉरिशसच्या उन्हाची काळजी करावी, याचं मला आधी हसूच यायचं. आमचे हे रोज सकाळी चहाबरोबर फोनवर त्या बेटाचं हवामान बघत. पारा किती, वारा कुठून, ढग कुठवर आले. मग चष्मा कपाळावर सरकवून गंभीरपणे सांगत, "दमट फार आहे तिकडे." जसा काही आमच्या कूलरमधून हिमालयाचा वारा येतो! मी म्हणायचे, "अहो, तिकडे नुसतं जायचं आहे आपल्याला. तुम्ही तर असं बघून राहिले, जसं ते बेट विकत घ्यायचं आहे."

हे हसू फार दिवस टिकलं नाही. त्या बेटावर आमची मुलगी राहते. जावई तिथल्या एका हॉटेलात नोकरीला आहे, आणि ती लग्न होऊन गेल्यापासून आम्ही तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. त्या वर्षी तिला दिवस गेले, दुसऱ्यांदा. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्च लागता लागता बाळ येईल, असं तिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. दिवाळी झाल्यावर एका फोनमध्ये तिनं विचारलं, "आई, तुम्ही दोघं केव्हा येऊन राहिले? आधी या हं. बाळ झाल्यावर तो सगळेच येतात. मला तू आधी पाहिजे. और बाबा भी."

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पोटुशी लेक बोलावते आहे, उठायचं आणि जायचं. मी त्याच आठवड्यात डिंक आणि अळीव आणून ठेवले. पण घोडं अडलं ते यांच्यापाशी.

इथं पहिल्या वेळचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. तेव्हाही मुलीनं असंच फोनवर विचारलं होतं, केव्हा येऊ. तिला मार्चमध्ये यायचं होतं. मार्चमध्ये आमच्याकडे हवा छान असते, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. पण एप्रिलअखेर हे फॅक्टरीतून निवृत्त होणार होते, घरात रंगकाम काढलेलं होतं, सगळीकडे चुन्याचा वास. हे म्हणाले, "मेमध्ये ये. मी मोकळा असेन. आंबेही असतील." ती मेमध्ये आली. लू, म्हणजे उन्हाच्या झळा, सुरू झाली होती, वीज दुपारची जायची. एके दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, हे हलून नाही राहिलं." पुढचं मी लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की नाळेचा दोष होता, उन्हाचा किंवा प्रवासाचा काही संबंध नाही. यांनी मान हलवली, उठून बिल भरायला गेले. मी रडले, भांडले, देवाला नाही नाही ते बोलले. यांनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. मुलगी परत गेली आणि घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

म्हणून या वेळी जबलपूर नको, आपणच जायचं, एवढं न बोलता ठरलेलं होतं. प्रश्न केव्हा, एवढाच.

मी म्हणाले, जानेवारीत जाऊ. संक्रांत झाली की निघू, थंडीचे दिवस, प्रवासाला बरे. मुलगी फोनवर खळखळून हसली. "आई, जानेवारीत इकडे गरमी असते. तिकडचं सगळं उलटं आहे इकडे." मला लाजल्यासारखं झालं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतःचं तिकीट काढायची वेळ आली तेव्हा पृथ्वीचा खालचा अर्धा भाग विसरले.

यांना मात्र आयतं कोलीत मिळालं. फॅक्टरीत हे तपासणीच्या खात्यात होते. तयार झालेला माल पुढं जाऊ द्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्यात सगळी नोकरी गेली. तसेच हे आता महिने तपासायला लागले. जानेवारीत वादळं सुरू होतात, नापास. फेब्रुवारीत त्याहून जास्त, नापास. मार्चचा भरवसा नाही. मे-जून चांगले, पण तेव्हा इथं घर बंद ठेवणं बरं नाही.

"मग?" मी विचारलं.

"एप्रिल उत्तम."

"एप्रिलमध्ये बाळ महिन्याचं झालं असेल."

"अच्छा आहे ना मग. बाळ बघायला मिळेल."

माझ्या हातात कणकेची परात होती, ती मी ओट्यावर अशी आदळली की पलीकडच्या भाभींनी भिंतीवरून विचारलं, "दीदी, क्या गिरा?" काही नाही, म्हटलं, तुमच्या भैयांचं डोकं गिरलं.

मला राग लवकर येतो, हे मान्य आहे. पण त्या दिवसांत मी खरंच पुष्कळ गिळलं. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. ती विचारायची, तिकीट झालं का. हे फोन हातात घ्यायचे आणि सांगायचे, "बेटा, उत्तरेकडे कमी दाबाचा पट्टा तयार होऊन राहिला. जरा बघू." ती म्हणायची, "जी बाबा." मग ती म्हणायची, "इथं आज पाऊस झाला." हे म्हणायचे, "हो, दिसलं मला." बाप-लेकीचं बोलणं तेवढंच. प्रत्येक फोनबरोबर तिचा आवाज थोडा बारीक होत चालला होता. ती विचारायची थांबेल, याची मला भीती वाटायची. एकदा तिनं विचारणं थांबवलं असतं तर आम्ही गेलो काय आणि न गेलो काय.

नर्मदा जयंतीच्या आधी मी निर्वाणीचं बोलले. म्हटलं, "तुम्ही या नाहीतर नका येऊ. मी माझं तिकीट काढून राहिले." तेव्हा कुठं हे हलले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं विमान ठरलं. डॉक्टरनं दिलेल्या तारखेच्या अगदी तोंडावर, पण आधी तर खरं. जावयानं तिकिटं काढली. मी मुलीला सांगितलं तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आणि मग एके दिवशी हे आपणहून म्हणाले, "नर्मदा जयंतीचा दिवस चांगला आहे. प्रस्थान ठेवून देऊ."

मी बघतच राहिले. प्रस्थान ही माझ्या सासूबाईंची पद्धत. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल तर त्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड असं पुरचुंडीत बांधून शेजारच्या घरी ठेवून यायचं. म्हणजे आपण त्या दिवशी निघालोच असं धरतात. मग प्रत्यक्ष जाताना ती पुरचुंडी तिथूनच उचलायची. मधे घरात परत आणायची नाही. सासूबाई नागपूरला जायच्या तरी प्रस्थान ठेवायच्या, आणि हेच त्यांची टर उडवायचे: "आई, तू तर पोचून गेली, आता तिकीट काहून काढतेस?" तो माणूस आज स्वतः पुरचुंडी बांधायला बसला. मला वाटलं, मन तयार झालं, जायचं नक्की. मी आनंदानं देवापुढची सुपारी काढून दिली. बाकी काय काय बांधलं ते बघितलं नाही. स्नान करून आले तोवर हे भाभींकडे पुरचुंडी देऊनही आले होते.

भाभी आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत, गाव मझौली. प्रस्थान म्हणजे काय ते त्यांनाही माहीत, त्यांच्याकडेही ठेवतात. त्यांनी पुरचुंडी देवघरात ठेवली आणि मला गेटवर म्हणाल्या, "अब तो आप चली ही गईं, दीदी."

आमचं निघायचं जवळ आलं होतं. मी सामान बांधत होते. लाडवांचा डबा कपड्यांत गुंडाळून झाला होता. तेवढ्यात सकाळी जावयाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. डॉक्टरनं मुलीला तपासलं, बाळ खाली सरकलं आहे, दिलेल्या तारखेपर्यंत थांबेल असं वाटत नाही. आणि दुसरं, वादळ. समुद्रात बरंच दूर होतं ते आता बेटाच्या दिशेनं वळलं होतं. विमानतळ एकदोन दिवसांत बंद होणार, मग केव्हा उघडेल सांगता येत नाही. आमचं विमान तर रद्द होणारच. पण उद्याच्या विमानात जागा आहेत. आज संध्याकाळी जबलपूरहून मुंबई गाठली तर ते मिळेल. "आई, काढू का तिकिटं? आत्ता सांगा. ती काही बोलत नाही, पण सकाळपासून खिडकीत बसून आहे."

मी म्हणाले, काढ.

हे समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी फोन ठेवला आणि कपाटातून पासपोर्ट काढायला गेले. साड्यांच्या खाली असतात. नव्हते. खालचा कप्पा, वरचा कप्पा, कागदपत्रांची पिशवी. कुठेच नव्हते.

"अहो, पासपोर्ट?"

हे जमिनीकडे बघत होते. "पुरचुंडीत ठेवले."

"काय?"

"प्रवासातली वस्तू ठेवायची असते ना. पासपोर्टपेक्षा प्रवासातली दुसरी कोणती?"

मला हसावं की रडावं कळेना. चलो, म्हटलं, भिंतीपलीकडेच तर आहेत. तशीच घाईनं बाहेर गेले. भाभींच्या गेटला बाहेरून कुलूप होतं. दारालाही कुलूप. अंगणात तुळशीला भरपूर पाणी घालून ठेवलं होतं, म्हणजे लवकर येणार नव्हते. समोरच्या घरातून कळलं, पुतणीचं लग्न आहे, पहाटेच सगळे मझौलीला गेले. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. लग्नघरात बँडच्या आवाजात कुणाला फोन ऐकू येतो!

राग कामाला आला. मी कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला बोलावलं, यांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, मझौली.

मटारचा हंगाम. रस्त्यावर गोण्यांनी भरलेले ट्रॅक्टर एकामागं एक, आणि प्रत्येकाला वाटतं रस्ता आपल्या आजोबांनी बांधला. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. दोन्ही बाजूंना हिरवागार गहू, हवा इतकी छान की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी खिडकीची काच खाली घेतली असती. मी सारखी भाभींना फोन लावत होते. मधेच मुलीचा फोन आला. मी उचलला तर म्हणाली, "आई, नहीं हुआ तो चलेगा. वादळात तुम्ही कशाला… एप्रिलमध्ये या. बाबा पण एप्रिलच म्हणून राहिले होते ना." मी म्हटलं, "आम्ही निघालो आहोत." खोटं नव्हतं ते. निघालो तर होतोच, फक्त उलट्या दिशेला. यांनी खिडकीबाहेर तोंड केलेलं होतं.

मझौलीला लग्नाचा मांडव शोधावा लागला नाही, बँडनंच सांगितला. भाभी गडद गुलाबी साडीत, हातात आरतीचं ताट. मला बघून आधी खूश झाल्या, मग माझा चेहरा बघून घाबरल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ताट कुणाच्या तरी हातात दिलं, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्यातून किल्ली काढता काढता म्हणाल्या, "पर दीदी, भैया को तो मैंने खुद बताया था कि हम लोग शादी में जा रहे हैं। मैं तो चाबी भी दे रही थी। भैया बोले, रहने दो, जरूरत नहीं पड़ेगी।"

बँड वाजतच होता. मला तो एकदम दूर गेल्यासारखा वाटला. मी यांच्याकडे बघितलं. मांडवाच्या खांबाजवळ उभे होते, कुणीतरी दिलेला शरबताचा ग्लास तसाच हातात. त्यांनी ऐकलं होतं. नजर चुकवली नाही, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगते.

किल्ली घेतली, भाभींना नमस्कार केला, नव्या नवरीला न बघताच निघाले. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती मी त्या दिवशी अनुभवली. गावाबाहेर आल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, दो मिनट रोकना." खाली उतरले. हेही उतरले. रस्त्याकडेला मटाराचं शेत होतं, तोडणाऱ्या बायका लांब, वाकलेल्या. आम्हाला कुणी ऐकत नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी मला पर्वा नव्हती.

"तुम्हाला जायचं नव्हतं तर तसं सांगायचं. पासपोर्ट काहून लपवले?"

"लपवले नाही."

"मग काय केलं? लग्नाला जाणार माहीत होतं, चाबी मिळत होती. माझ्या लेकीला तिकडे एकटीला ठेवायला निघाले तुम्ही!"

"आपल्या विमानाच्या आधी ते लोक परत येणारच होते." मग थांबून म्हणाले, "पण नसते आले तरी मला चाललं असतं. हे खरं आहे."

मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "मे महिना मी सांगितला होता."

एवढं बोलून खाली रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांची पाठ जरा वाकली आहे, तेव्हा ती फारच दिसली. म्हणाले, "ती मार्चमध्ये येतो म्हणत होती. मी मे म्हटलं. घराला रंग चालला होता म्हणून. भिंतींसाठी, समजलं? मी एवढी वर्षं माल तपासला, एक तुकडा चुकीचा पुढं जाऊ नाही दिला. आणि तिला सांगितलं, मेमध्ये ये. आता कोणता महिना सांगू? फेब्रुवारी म्हटलं आणि पुन्हा काही झालं तर? एप्रिलमध्ये सगळं होऊन गेलं असतं. जे काही व्हायचं ते मी न सांगता झालं असतं."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही. ते त्यांना पाठ होतं. माझा राग तसाच होता, त्याच्या शेजारी दयाही येऊन बसली, आणि दोन्ही एकदम वागवणं फार जड असतं. मी एवढंच म्हणाले, "काही झालंच, तर ते तिला एकटीला होऊ द्यायचं? तुम्ही इथं बसणार आणि ती तिकडे खिडकीत?"

"तू जा. मला नाही जमणार."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी जाते."

मनधरणी केली नाही. वेळ नव्हता आणि ताकदही नव्हती. ड्रायव्हरनं गाणी लावली होती ती त्यानं आपणहून बंद केली.

भाभींचं घर मीच उघडलं. देवघरात नर्मदामाईच्या तसबिरीपुढं पुरचुंडी होती, वर कुंकू लावलेलं. मी ती उचलली, गाठ सोडली, तांदळातून एक पासपोर्ट काढून पर्समध्ये टाकला, दुसरा तसाच ठेवून पुरचुंडी यांच्या हातात दिली. म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा." मग घरी जाऊन बॅगा काढल्या. दोन्ही बॅगा काढल्या, कारण त्यांची वेगळी करायला वेळ कुठं होता? गाडी दारात उभीच होती. डुमन्याला विमानतळावर पोचायची वेळ अगदी काठावर आली होती. मी गॅस बंद केला, देवापुढं हात जोडले, बाहेर आले. हे गेटबाहेर रस्त्यावर उभे होते. पुरचुंडी घेऊन घरात पाऊल टाकायचं नसतं ना, म्हणून आत आले नव्हते. चपला घरच्याच, अंगात तोच मळका स्वेटर. मी दाराला कुलूप लावलं, त्यांच्याकडे न बघता गाडीत बसले. पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. ड्रायव्हरशेजारी पुरचुंडी मांडीवर घेऊन हे बसले होते.

"बॅगा कोण उचलेल," म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती त्यांना दिसू द्यायची माझी तयारी नव्हती.

मुंबई, मग ते लांबचं विमान. शेवटचा तासभर विमान असं हलत होतं की मागच्या रांगेतल्या बाई मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागल्या. यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मी माझा हात त्यावर ठेवला, त्यांनी काढून घेतला नाही. उतरलो तेव्हा आभाळ शिशासारखं, झाडं एका बाजूला झुकलेली, आणि विमानतळावरचे लोक घाईघाईनं काचांना फळ्या ठोकत होते.

नात पुढं सुखरूप झाली, ठणठणीत झाली, हे आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. वादळ बेटावरून निघून गेल्यावर तिनं यायचं ठरवलं, आणि तिनं काही कुणाला विचारलं नाही की केव्हा येऊ. पण मला सांगायचं आहे ते विमानतळावरचं.

डॉक्टरनं नको म्हटलं असताना मुलगी आम्हाला घ्यायला आली होती. पोट एवढं पुढं, पाय सुजलेले, जावयाचा रेनकोट अंगावर. मी हात पसरून पुढं झाले. ती मला ओलांडून गेली. सरळ जाऊन यांच्यासमोर उभी राहिली, आणि लहानपणी काही फुटलं की जशी उभी राहायची तशी, दोन्ही हात मागं घेऊन.

"बाबा, तुम्ही आलात."

यांनी चष्मा काढला आणि स्वेटरला पुसला.

"मला वाटलं तुम्ही येणारच नाही. तुम्ही अजून नाराज आहात ना माझ्यावर?"

"मी?"

"त्या दुपारी मी गेले होते ना बाहेर. मे महिन्यात. तुम्ही दोघं झोपले होते. मला खोव्याची जलेबी खायची होती, फार इच्छा झाली होती, मी ई-रिक्षा करून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले. परत आले तर तुम्ही दार उघडलं आणि म्हणाले, भर उन्हात कुठं गेली होतीस. और दूसरे ही दिन… मी आईला पण नाही सांगितलं. तुम्ही तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेच नाही. यावेळी पण प्रत्येक महिन्याला नाहीच म्हणून राहिले. मला समजलं, बाबांना माझ्याकडे यायचंच नाही."

मला हे सगळं नवीन होतं. ती दुपार, ती जलेबी, ते दार. आणि यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की यांनाही नवीन होतं. दार उघडलेलं त्यांना आठवतही नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला एका महिन्यासाठी शिक्षा करत होता आणि ती पोर समुद्रापलीकडे बसून तीच शिक्षा एका जलेबीसाठी भोगत होती. रोज संध्याकाळी फोन करून एकमेकांना पाऊसपाणी सांगत होते.

"बेटा," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मी लग्न होऊन आल्यापासून तो कधी फुटलेला ऐकला नव्हता. "तुझा काय राग येणार मला? मे महिना मी सांगितला होता. तू मार्च म्हणत होतीस."

ती रेनकोटसकट त्यांच्या गळ्यात पडली, पोट मधे येत होतं म्हणून तिरकी होऊन.

"फोनवर एकदा तरी बोलायचं ना, बाबा."

"फोनवर मला हवामानाशिवाय काही बोलता नाही येत गं," ते म्हणाले.

बाहेर वारा वाढत होता, जावई चला चला म्हणत होता. मी सामानाची गाडी धरून तिथंच उभी होते. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला होता, आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यानं रडत होते.